जुनी स्पोर्ट्स कार घेण्यापूर्वी मेकॅनिककडून तपासणी करून घ्यावी का? एका ऑडी टीटीच्या खरेदीतून सुचलेले मार्गदर्शन

एका जुन्या स्पोर्ट्स कारच्या तपासणीसाठी मी साडेसहा हजार रुपये दिले आणि ती गाडी घेतली नाही. सात महिन्यांनी तशाच दुसऱ्या गाडीसाठी पुन्हा तेवढेच पैसे दिले आणि ती घेतली. म्हणजे एका गाडीपायी तपासणीवर तेरा हजार रुपये गेले. हे ऐकून माझ्या कार्यालयातील सहकाऱ्यांनी मला खुळ्यात काढले. परंतु पहिल्या गाडीत काय सापडले हे पुढे वाचल्यावर तुम्ही तसे म्हणणार नाही, अशी मला आशा आहे.

मी घेतलेली गाडी दुसऱ्या पिढीची ऑडी टीटी आहे. ही पिढी २००६ ते २०१४ या काळात बनली. माझी गाडी २०१२ सालची असून तिला दोन लिटरचे टर्बो पेट्रोल इंजिन, सहा गिअरचा ड्युअल क्लच (दोन क्लचचा, आपोआप गिअर बदलणारा) गिअरबॉक्स आणि क्वाट्रो, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी रचना आहे. त्यामुळे खालची तांत्रिक उदाहरणे प्रामुख्याने या गाडीची आहेत. तुम्ही बीएमडब्ल्यू झी-फोर, पोर्शे बॉक्सस्टर किंवा मस्टँग पाहत असाल तर आजार वेगळे असतील; तपासणीचा क्रम मात्र जवळपास हाच राहील.

१. आधी स्वतःशी ठरवा: तपासणी खरोखर हवी का?

माझे उत्तर ‘हो’ असे आहे. रोज कार्यालयात नेली जाणारी साधी हॅचबॅक बिघडली तर दुरुस्ती सहसा काही हजारांत आटोपते, आणि तिचे सुटे भाग कोणत्याही पेठेत मिळतात. स्पोर्ट्स कारचे तसे नसते. गिअरबॉक्समधील मेकाट्रॉनिक युनिट (गिअर बदलण्यावर नियंत्रण ठेवणारा भाग) किंवा इंजिनाची टायमिंग साखळी (व्हॉल्व्ह आणि पिस्टन यांची लय जुळवणारी) गेली की खर्च लाखाच्या भाषेत बोलू लागतो, आणि भाग परदेशातून यायचा असेल तर गाडी कित्येक आठवडे गॅरेजमध्ये ताडपत्रीखाली उभी राहते. टीटीचे उत्पादन तर २०२३ मध्ये कायमचेच थांबले. शिवाय अशा गाड्या आठवड्यातून एकदा, पण जोरात चालवल्या जातात, वारंवार हात बदलतात, आणि प्रत्येक मालक आपल्या हौशीप्रमाणे तिच्यात काहीतरी ‘करून घेतो’.

दुसरे कारण कमी तांत्रिक आहे. अशी गाडी पाहायला जाणारा माणूस निम्मा निर्णय घरीच घेऊन निघालेला असतो. मी निघालो होतो. मेकॅनिकचे त्या गाडीवर प्रेम नसते, आणि आपण त्याला पैसे देतो ते मुख्यतः या कोरडेपणाचे.

तपासणी टाळावी असे प्रसंग मला दोनच दिसतात. गाडी ओळखीच्या माणसाची असून वर्षानुवर्षे तुमच्याच मेकॅनिकच्या हाताखालून गेलेली असेल, तर वेगळ्या तपासणीने फारसे नवे कळणार नाही. किंवा गाडी इतकी स्वस्त असेल की इंजिन आणि गिअरबॉक्स दोन्ही नवे टाकावे लागतील असे धरूनच तुम्ही ती घेत असाल. कंपनीच्या अधिकृत जुन्या गाड्यांच्या विभागातून लेखी वॉरंटीसह गाडी घेत असाल तर जोखीम कमी होते, हे खरे. तरीही वॉरंटीच्या कागदावर काय वगळले आहे ते वाचा, आणि शक्य असेल तर तेथेही स्वतंत्र तपासणीची परवानगी मागा.

२. पहिल्याच फोनवर मालकाला सांगा

पुष्कळ जण गाडी पाहतात, भाव ठरवतात, टोकन देतात आणि मग ओशाळून म्हणतात, “एकदा मेकॅनिकला दाखवू का?” हा क्रम पूर्ण उलटा आहे. पहिल्याच फोनवर स्पष्ट सांगावे: “गाडी मला आवडली तर मी ती माझ्या मेकॅनिककडे रॅम्पवर चढवून आणि स्कॅनर लावून तपासून घेईन. खर्च माझा. तुम्ही सोबत असावे अशी माझी इच्छा आहे.” (रॅम्प म्हणजे गाडी वर उचलण्याची सोय, आणि स्कॅनर म्हणजे गाडीच्या संगणकातील नोंदी वाचणारे साधन.)

या वाक्याला मिळणारे उत्तर हीच पहिली तपासणी समजा. “कधी आणू?” असे म्हणणारा मालक मिळाला तर अर्धे काम झाले. “गाडी एकदम टकाटक आहे, तपासायची गरजच नाही,” किंवा “दुसरी पार्टी संध्याकाळी पैसे घेऊन येते आहे,” असे उत्तर आले, तर त्या दुसऱ्या पार्टीला गाडी लखलाभ होऊ द्यावी. मात्र प्रत्येक नकार लबाडीचा नसतो. अनोळखी माणूस गाडी पळवून बघेल, इंजिन ताणेल, अशी रास्त भीती मालकाला असते. त्यासाठी गाडी त्यानेच गॅरेजपर्यंत चालवत आणावी आणि तपासणीभर तेथे बसावे, असे सुचवा. माझ्या दुसऱ्या गाडीचे मालक, निवृत्तीला आलेले एक गृहस्थ, आधी नाखूश होते. परंतु तीन तास रॅम्पशेजारी स्टूल टाकून बसले आणि शेवटी त्यांनीच मेकॅनिकला दोन प्रश्न विचारले.

सापळा: टोकन. तपासणीपूर्वी टोकन देऊ नये. द्यावेच लागले तर रक्कम लहान ठेवा आणि ‘स्वतंत्र तपासणी समाधानकारक न वाटल्यास पूर्ण रक्कम परत’ एवढे वाक्य मालकाकडून व्हॉट्सॲपवर तरी लिहून घ्या. पहिल्या गाडीच्या वेळी मी पंचवीस हजार तोंडी बोलीवर दिले होते आणि ते परत मिळवायला मला पाच आठवडे आणि अगणित फोन लागले.

३. रॅम्पच्या आधी कागद

कागदांत गोम असेल तर तपासणीचे पैसे खर्चच करू नयेत. म्हणून पुढील गोष्टींची छायाचित्रे आधी मागवा:

- आरसी, आणि त्यावरील चासी व इंजिन क्रमांक. गाडी पाहताना हे क्रमांक प्रत्यक्ष गाडीवरच्या क्रमांकांशी अक्षर न् अक्षर पडताळायचे आहेत.
- चालू विमा पॉलिसी आणि पीयूसी.
- सर्व्हिसची बिले. शिक्के मारलेली पुस्तिका पुरेशी नाही. बिलांवर तारीख, किलोमीटर आणि बदललेले भाग असतात.
- कर्ज असल्यास बँकेचे ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्यासाठीचा नमुना ३५.
- हस्तांतरणासाठी नमुना २९ आणि ३०. गाडी दुसऱ्या राज्यातील असेल तर नमुना २८ नुसार मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र.
- दोन्ही किल्ल्या.
- चाकांच्या चोरीविरोधी बोल्टचा अडॅप्टर. हा अंगठ्याएवढा लोखंडी तुकडा आहे, पण त्याच्याविषयी पुढे बोलूच.

परिवहन खात्याच्या ‘एम-परिवहन’ ॲपवर नोंदणी क्रमांक टाकून बोजा, विम्याची मुदत आणि मालकाचा अनुक्रमांक पाहून घ्या. प्रलंबित ई-चलनेही तपासा. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला महाराष्ट्रात उच्च सुरक्षा नोंदणी पाटी बंधनकारक आहे, ती बसवलेली आहे का पाहा.

पॉलिसीवरचा एक आकडा नवखे लोक वाचत नाहीत. तो म्हणजे नो क्लेम बोनस. सलग पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत चढतो. पाच-सहा वर्षे गाडी बाळगणाऱ्या मालकाच्या पॉलिसीवर तो शून्य दिसत असेल, तर अलीकडे एखादा दावा झाला असण्याची शक्यता आहे. तो कशाचा होता ते विचारा. हा बोनस गाडीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे नुकत्याच झालेल्या मालकाच्या बाबतीत हा निकष लागू पडत नाही.

दुसऱ्या राज्यातील गाडी स्वस्त दिसते, परंतु बारा महिन्यांहून अधिक काळ ती महाराष्ट्रात ठेवायची तर येथे नवा नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो आणि येथला करही भरावा लागतो. त्या कराचा हिशेब भाव करण्यापूर्वीच आरटीओत विचारून घ्यावा.

४. मेकॅनिक कोण असावा?

तुमच्या घराजवळचा, तुमच्या वडिलांची मारुती वीस वर्षे सांभाळणारा मेकॅनिक प्रामाणिक असेल, कुशलही असेल. पण या कामाला तो नको. ज्याने हेच मॉडेल, किंवा निदान याच घराण्यातील इंजिन आणि गिअरबॉक्स, स्वतः उघडून पाहिला आहे असाच माणूस हवा. टीटीच्या बाबतीत फोक्सवॅगन, स्कोडा आणि ऑडी यांवर काम करणारे स्वतंत्र गॅरेज चालते, कारण या तिन्ही नावांखाली बरीचशी यंत्रे एकच आहेत. अशी गॅरेजे पुण्यात आणि नवी मुंबईत आहेत, आणि मालकांच्या गटांमध्ये विचारल्यास दोन-तीन नावे पुनःपुन्हा येतात.

फोनवर त्याला एकच प्रश्न विचारा: “या गाडीत तुम्ही सर्वांत आधी काय बघाल?” तो टायमिंग साखळी, गिअरबॉक्सचे तेल, हॅल्डेक्स (मागच्या चाकांना ताकद जोडणारे यंत्र) असे काही बोलला तर योग्य माणूस भेटला. “घेऊन या, बघू,” एवढेच म्हणाला तर पुढचा क्रमांक लावा.

विक्रेत्याने सुचवलेल्या गॅरेजमध्ये तपासणी करू नये. तसेच तपासणी करणाऱ्याला ‘गाडी घेतली तर दुरुस्ती तुमच्याकडेच’ असे आमिषही आधी दाखवू नये. मग तो तुमच्या बाजूने न पाहता पुढच्या बिलाच्या बाजूने पाहू लागतो. काम किती तासांचे, कोणत्या चाचण्यांचे आणि किती रुपयांत हे आधी ठरवा. मी दिलेल्या साडेसहा हजारांत रॅम्प, स्कॅनर, चाचणी फेरी आणि हाताने लिहिलेले दोन पानी टिपण होते. घरी येऊन शंभर-दोनशे मुद्द्यांची यादी भरून देणाऱ्या ॲपवरील तपासणी सेवाही आहेत. नेहमीच्या गाड्यांसाठी त्या उपयोगी असतील, परंतु गाडी उचलून खालून पाहिल्याशिवाय स्पोर्ट्स कारबद्दल काहीही ठरवू नये, असे माझे मत आहे.

५. आधी स्वतः पाहा, पण चुंबक घरी ठेवा

मेकॅनिकला पैसे देण्यापूर्वी अर्धा तास स्वतः गाडी पाहावी. दिवसाउजेडी, कोरड्या अंगाची. पत्र्यांमधील फटी दोन्ही बाजूंनी सारख्या आहेत का, दाराच्या रबराखाली रंगाची कड दिसते का, एवढे कोणालाही पाहता येते.

चुंबकाची फजिती मात्र माझी झाली. रंगाखाली पुट्टी भरली असेल तर चुंबक चिकटत नाही, असे कुठेतरी वाचून मी फ्रीजवरचा गणपतीचा चुंबक रुमालात गुंडाळून नेला होता. बॉनेटवर ठेवला तर तो घसरून खाली पडला. मडगार्डवर ठेवला, पुन्हा पडला. मी गंभीर चेहऱ्याने मालकाला म्हणालो, “पुढचा भाग पूर्ण पुट्टीचा दिसतोय.” त्यांनी काही न बोलता चुंबक उचलून दारावर लावला, तो चटकन चिकटला. दुसऱ्या पिढीच्या टीटीचा सांगाडा मिश्र धातूंचा आहे: बॉनेट, पुढचे मडगार्ड आणि छप्पर ॲल्युमिनियमचे, तर दारे आणि डिकीचे झाकण पोलादाचे. ॲल्युमिनियमला चुंबक चिकटणार कसा? म्हणून रंगाची जाडी मोजणारे यंत्र लोखंडासोबत ॲल्युमिनियमवरही चालणारे आहे का, हे मेकॅनिकला विचारा. शिवाय ॲल्युमिनियमचा पत्रा ठोकून सरळ करणे पोलादापेक्षा अवघड असते, त्यामुळे पुढून ठोकर बसलेल्या टीटीची दुरुस्ती कोणी आणि कुठे केली हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

पाण्यात गेलेल्या गाडीची शंका मुंबई परिसरात घ्यावीच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून काढा. मुळाजवळच्या पट्टीवर चिखलाची रेघ किंवा डाग दिसतो का पाहा. सीट सरकते त्या रुळांचे बोल्ट गंजलेले आहेत का, डिकीतील तळाचे आच्छादन उचलल्यावर गाळ किंवा कुबट वास आहे का, दिव्यांच्या आत धूसर रेषा आहेत का, हे तपासा. आतून अत्तराचा भपकारा येत असेल तर अधिक बारकाईने पाहा.

६. इंजिन थंड असू द्या

तपासणीच्या दिवशी गाडी रात्रभर उभी असावी आणि पहिला स्टार्ट मेकॅनिकसमोर व्हावा. हे मालकाला आदल्या दिवशी सांगा. गाडी दुरून चालवत आणायची असेल तर आदल्या संध्याकाळीच गॅरेजमध्ये लावता येते का ते पाहा, किंवा मेकॅनिकच्या मदतनिसाला सकाळी मालकाच्या घरी न्या. पोहोचल्याबरोबर बॉनेटवर तळहात ठेवावा. कोमट लागला तर कोणीतरी आधीच इंजिन सुरू करून ठेवले आहे.

याचे कारण असे की या इंजिनाची टायमिंग साखळी तेलाच्या दाबाने ताठ राहते. साखळी ताठ ठेवणारा ताणक सुरुवातीच्या रचनेत कमकुवत होता आणि पुढे कंपनीने सुधारित भाग आणला. ताणक थकला असेल, किंवा साखळी लांबली असेल, तर थंड इंजिन सुरू होताना पहिले दोन-तीन सेकंद पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो आणि तेल चढले की तो थांबतो. गरम इंजिनात तो ऐकूच येणार नाही. साखळीने दात सोडले तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात आणि इंजिन उघडावे लागते.

७. रॅम्पवर

गाडी वर गेल्यावर तुम्ही तिच्याखाली उभे राहा. संकोच करू नका. मेकॅनिक टॉर्च फिरवील तेथे तुमची नजर फिरवा आणि न कळलेले लगेच विचारा. एरवी दोन पानांचे टिपण घरी जाऊन वाचल्यावर निम्मे कळत नाही.

आपल्याकडच्या गतिरोधकांनी बुटक्या गाड्यांचे पोट सोललेले असते. इंजिनाखालचे प्लास्टिकचे आवरण गायब असणे किंवा प्लास्टिकच्या पट्ट्यांनी बांधलेले असणे ही गोष्ट इतकी नेहमीची आहे की तिच्यावरून गाडी नाकारू नये. पण आवरण काढून इंजिन तेलाच्या टाकीचा तळ चेपला आहे का ते पाहायलाच हवे. चाके हाताने फिरवून रिम वाकले आहे का ते बघायचे. खड्ड्यांमुळे आतल्या बाजूची कड वाकते आणि ती बाहेरून दिसत नाही. टायरवर चार अंकी कोड असतो: २३१७ असे असेल तर तो २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. क्वाट्रो गाडीत चारही टायर एकाच कंपनीचे आणि जवळपास सारखे झिजलेले असावेत.

माझी तपासणी इथेच अर्धा तास अडली. ब्रेकच्या डिस्कची आतली बाजू आणि शॉक ॲब्सॉर्बर नीट पाहण्यासाठी चाके काढायची होती. प्रत्येक चाकाला एक चोरीविरोधी बोल्ट होता आणि त्याचा अडॅप्टर गाडीत नव्हता. मालकांनी घरी फोन लावला. शेवटी पुढचे काम आधी उरकून घेतले आणि अडॅप्टर त्यांच्या मुलाने स्कूटरवरून आणून दिला. तुम्ही तो आधीच हातात घ्या. तो हरवला असेल तर हमरस्त्यावरचा पंक्चरवालाही तुमचे चाक काढू शकणार नाही.

यानंतर मेकॅनिकने पाहायच्या मुख्य जागा अशा:

- पाण्याचा पंप आणि थर्मोस्टॅट यांचे प्लास्टिकचे आवरण. येथे कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव) झिरपण्याचा आजार या इंजिनांत सर्रास आढळतो. वाळलेल्या कूलंटचे डाग दिसतात.
- इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या सांध्यावरील तेल.
- गिअरबॉक्सचे तेल आणि फिल्टर. सहा गिअरचा हा प्रकार तेलात बुडालेल्या क्लचचा आहे आणि त्याचे तेल दर ६०,००० किमीला बदलायचे असते. बिल नसेल तर बदललेले नाही असे समजा.
- हॅल्डेक्स. मागच्या चाकांना ताकद जोडणारे हे यंत्र मागच्या बाजूस असते आणि त्याचे तेल वेगळे असते. त्याचा पंप निकामी झाला तरी डॅशबोर्डवर दिवा लागेलच असे नाही. गाडी मुकाट्याने पुढच्या चाकांवर चालत राहते आणि मालकालाही पत्ता नसतो.
- सायलेन्सर, हवा घेणारी नळी, स्प्रिंग: मूळचे की बाहेरचे? बदललेले असतील तर मूळ भाग मालकाकडे आहेत का?

शेवटचा मुद्दा हौशीचा नसून पैशाचा आहे. इंजिनाचे सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवलेल्या गाड्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. मूळ सॉफ्टवेअर परत टाकलेले असेल तर बदल कळेलच असे नाही, पण बाहेरची नळी आणि मोठा सायलेन्सर दिसल्यास तसे झाले असावे असे धरून क्लच आणि टर्बो अधिक बारकाईने पाहायला सांगा. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतील अशा बदलांवर बंधने घालते, आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अंगाशी येऊ शकतो.

८. स्कॅनर: इथे घाई करू नका

पहिली गाडी मी का सोडली ते आता सांगतो. ती ठाण्यातील एका जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे होती. मागणी एकोणीस लाख, रंग पांढरा, डॅशबोर्डवर ४३,००० किमी. रॅम्पवर तिच्यात फारसे काही निघाले नाही आणि मी मनातल्या मनात पार्किंगची जागा ठरवत होतो. मेकॅनिकने लॅपटॉप जोडला, प्रत्येक नियंत्रण युनिटमधील नोंदी एकेक करून उघडल्या आणि एका जुन्या, किरकोळ बिघाडाच्या नोंदीवर बोट ठेवले. अशा नोंदीसोबत त्या क्षणी गाडी किती किलोमीटर चालली होती तेही साठवले जाते. तेथे आकडा होता ६८,२१४.

त्रेचाळीस हजार चाललेल्या गाडीत अडुसष्ट हजारांवर घडलेला बिघाड कसा असेल? मीटर मागे फिरवणाऱ्याने डॅशबोर्डचा आकडा बदलला होता, पण बाकीच्या युनिटांच्या स्मृतीत डोकावायचे त्याला सुचले नव्हते. विक्रेता म्हणाला, “सॉफ्टवेअरची गडबड असते हो.” मी लॅपटॉपच्या पडद्याचा फोटो काढला. टोकन परत मिळताना पुढे तोच फोटो कामी आला.

म्हणून साधा खिशातला स्कॅनर पुरेसा नाही. या घराण्याच्या गाड्यांची सर्व युनिटे वाचणारे साधन हवे. त्यावर आणखी दोन गोष्टी पाहायला सांगा. एक, उत्सर्जन यंत्रणेच्या स्वयंचाचण्या पूर्ण झालेल्या आहेत का. बिघाडाच्या नोंदी पुसल्या की या चाचण्याही ‘अपूर्ण’ अवस्थेत जातात आणि पुन्हा पूर्ण व्हायला बरेच चालवावे लागते. त्यामुळे एकही बिघाड नाही, पण चाचण्या अपूर्ण, असे दिसले तर कोणीतरी नुकतीच पाटी पुसली आहे. बॅटरी बदलली होती असे सांगितले तर तिचे बिल मागा. दोन, कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची, स्थिती. साखळी जसजशी लांबते तसतसा हा अंशांमधील आकडा शून्यापासून दूर जातो, म्हणजे इंजिन न उघडताही साखळीच्या प्रकृतीचा अंदाज येतो.

९. रस्त्यावर

चाचणी फेरी मेकॅनिकने किंवा मालकाने चालवावी आणि तुम्ही बाजूला बसून ऐकावे. संगीत बंद, काचा आधी बंद आणि मग उघड्या. सुरुवात वेगाने नव्हे तर गर्दीतल्या चालीने करायची: ब्रेकवरून पाय काढल्यावर गाडी थरथरत पुढे सरकते का, दुसऱ्यावरून पहिल्या गिअरमध्ये येताना धक्का बसतो का, रिव्हर्समध्ये टाकल्यावर क्षणभर विचार करते का. ड्युअल क्लचचे दुखणे शंभरच्या वेगात कळत नाही. ते सिग्नलला कळते. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर एकदा पूर्ण ताकद, एकदा जोराचा ब्रेक, आणि स्टिअरिंग सैल धरून सरळ चाल.

परत आल्यावर इंजिन चालू ठेवूनच पुन्हा खालून पाहावे. गरम झाल्यावर सुरू होणारी गळती थंड गाडीत दिसलेली नसते.

हे इंजिन तेल पिते का, हे मात्र एका दिवसाच्या तपासणीत सिद्ध होत नाही. या पिढीच्या काही इंजिनांना पिस्टन रिंगांमुळे तेल खाण्याची खोड होती. तेलाची पातळी आणि बिलांमध्ये मध्येच भरलेल्या तेलाच्या नोंदी पाहा, आणि मालकाला सरळ विचारा, “दोन सर्व्हिसच्या मध्ये किती तेल घालावे लागते?” “कधीच नाही” या उत्तरापेक्षा “अर्धा लिटर” या उत्तरावर माझा अधिक विश्वास बसला.

१०. टिपण हातात आल्यावर

अकरा वर्षांच्या गाडीच्या टिपणात एकही दोष नसेल तर मेकॅनिक बदला. दोषांचे तीन भाग करून त्याच्याकडूनच प्रत्येकासमोर अंदाजे खर्च लिहून घ्या: लगेच करायचे, वर्षभरात करायचे, आणि सोबत जगण्यासारखे. माझ्या टिपणात पहिल्या भागात गिअरबॉक्स आणि हॅल्डेक्सचे तेल, थर्मोस्टॅटचे आवरण आणि सात वर्षांचे चार टायर होते. बेरीज एक लाख चाळीस हजार. मी ते पान मालकांसमोर ठेवले आणि “एवढे कमी करा” असे न म्हणता “यातले तुम्हाला काय माहीत होते?” असे विचारले. टायर आणि तेल त्यांनी मान्य केले, थर्मोस्टॅट त्यांनाही नवा होता. नव्वद हजारांवर तडजोड झाली.

मीटरमधील फेरफार, न जुळणारा चासी क्रमांक, पाण्याच्या खुणा किंवा सांगाड्यावरील वेल्डिंग निघाले तर भाव करू नये, कितीही खाली आला तरी.

आणि नोंदणीची मुदत पाहा. ती पंधरा वर्षांची असते, पुढे योग्यता तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण होते. २०१२ ची गाडी २०२७ मध्ये त्या दारात उभी राहणार, हे भाव करताना मी बोललो आणि त्याचे दहा हजार वेगळे मिळाले.

११. ताबा घेताना

तपासणी आणि ताबा यांच्यामध्ये सहसा आठ-दहा दिवस जातात. बँक, पैसे, सह्या यांत ते निघून जातात, आणि तेवढ्या काळात गाडीतील वस्तू बदलू शकतात. म्हणून तपासणीच्या दिवशीच चारही टायरचे कोड, डॅशबोर्डवरील किलोमीटर आणि डिकीतील सामान यांचे फोटो काढून ठेवा आणि ताबा घेताना एकेक जुळवा. गाडी त्याच राज्यातील असेल तर हस्तांतरणाची सूचना विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आरटीओला द्यायची असते. विमा तुमच्या नावावर करण्याचा अर्जही चौदा दिवसांत कंपनीकडे जायला हवा.

माझ्या वेळी टायरचे आकडे जुळले, किलोमीटर एकशे बाराने वाढले होते आणि त्याचे कारण मालकांनी आपणहून सांगितले: शेवटचे एकदा लोणावळ्याला जाऊन आलो. दोन्ही किल्ल्या, बिलांची फाईल, मूळ सायलेन्सर, सगळे मिळाले. चाकांचा अडॅप्टर मात्र पुन्हा डिकीत नव्हता. त्यांच्या मुलाच्या स्कूटरच्या सीटखाली तो त्या दिवसापासून तसाच पडून होता.